कारच्या विम्यावर दोन वर्षांत तीन क्लेम झाले, हप्ता वाढला. आता फक्त थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता) घेऊ का?

गाडी जुनी, किंमत उतरलेली असेल तरच घ्या. थर्ड पार्टीचा हप्ता तुमच्या क्लेममुळे वाढत नाही, तो सरकार ठरवतं: १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारसाठी २०२२ साली ठरलेला दर वर्षाला ३,४१६ रुपये, वर जीएसटी. महागतो तो 'ओन डॅमेज'चा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, कारण एका क्लेमनेही नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल या हप्त्यात मिळणारी सूट) सहसा शून्यावर येतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तोच ५० टक्के असतो!

हे दोन भाग वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेता येतात, म्हणून आधी दर पडताळा. स्वेच्छेने जास्त वजावट (क्लेममधली स्वतः भरायची रक्कम) स्वीकारलीत तर हप्ता उतरतो. बंपरच्या ओरखड्यांसाठी मात्र क्लेम करू नका. आणि जुने क्लेम अजिबात लपवू नका, पुढचा मोठा क्लेम त्यावरूनच नाकारला जाऊ शकतो.