वाचकांचे प्रश्न : वाघ दिसला, फोटो हलला

प्रश्न : ताडोबात पहाटेच्या सफारीत वाघीण जिप्सीसमोरून चालत गेली. 100-400 मिमीची लेन्स, स्थिरीकरण चालू, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) 400. तरी एकही फोटो स्पष्ट नाही. लेन्स बदलावी का?

उत्तर : लेन्स राहू द्या, आयएसओ वाढवा. पहाटे बांबूच्या सावलीत 400 आयएसओवर शटरचा वेग सहज 1/60 सेकंदापर्यंत घसरतो. स्थिरीकरण तुमच्या हाताची थरथर सावरतं, वाघिणीची चाल नाही. चालत्या वाघाला किमान 1/500, पळत्याला 1/1600 हवा. शटरचा वेग तुम्ही ठरवा, लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) पूर्ण उघडं ठेवा आणि आयएसओ ऑटोवर, कमाल 6400. वाढत्या आयएसओने फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो मात्र सुधारत नाही.

चालकाला इंजिन बंद करायला सांगा. त्या कंपनानेही फोटो बिघडतो. जिप्सीत ट्रायपॉड निव्वळ अडगळ. त्याऐवजी कापडी पिशवीत दोनेक किलो तांदूळ भरून ती दांड्यावर ठेवा आणि लेन्स तिच्यावर टेका.

गवताआडचा वाघ असेल तर फोकस पुढच्या काडीवर अडकतो, म्हणून फोकसचा एकच बिंदू निवडून वाघाच्या डोळ्यावर धरा. मागे गर्द सावली असेल तर कॅमेरा फसून फोटो जास्त उजळ करतो आणि वाघाच्या गालांवरचा पांढरा रंग उडवतो. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) 2/3 स्टॉप, म्हणजे उजेडाच्या मापाने थोडं, खाली घ्या.

आणि एप्रिल-मेच्या उन्हात तळ्यापलीकडचा वाघ टिपायची हौस सोडा. तापलेली हवा थरथरते, त्यावर महागडी लेन्सही उपाय नाही.