नांदूरमध्यमेश्वरला पक्षीवर्तनाचा अभ्यास सुरू करताना

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या या पाणथळीत हिवाळ्यात इतके पक्षी उतरतात की नवख्याचा गोंधळ उडणारच, म्हणून पहिल्या हंगामात एकच जाती निवडावी. मी वारकरी (इंग्रजीत कूट) हा काळा पाणपक्षी सुचवेन, कारण तो उघड्या पाण्यावर वावरतो आणि पांढऱ्या कपाळामुळे दुरूनही ओळखू येतो.

नजरेत भरेल ते टिपत गेलात, तर वहीत भांडणे आणि उड्डाणेच जमतील, आणि चरणे, पिसे साफ करणे, स्वस्थ तरंगणे ही ज्यात पक्ष्याचा बराचसा दिवस जातो ती कामे निसटतील. प्राणीवर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये हाच दोष सविस्तर दाखवून दिला. त्यांनी पुरस्कारलेल्या पद्धतीप्रमाणे एक पक्षी आधीच ठरवावा, समजा १० मिनिटे केवळ त्याच्याकडेच पाहावे, आणि तो पाणकणसात शिरला तर "दिसेनासा" अशी नोंद करावी. तो वेळ गाळल्यास पुढची सगळी टक्केवारी फसवी ठरते. "घाबरला" हा निष्कर्ष झाला. नोंदीत "मान ताठ केली, बुडी मारली" एवढेच असावे.

निरीक्षण मनोऱ्यावरूनच करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. काठावर फार जवळ गेलात, तर वारकरी पाण्यावरून धावत दूर जातात आणि तुमच्यामुळे बदललेले वर्तनच नोंदवले जाते.