सरकारी कार्यालय डिजिटल करताना प्रमुख अधिकाऱ्याने आधी काय करावं?

तुम्ही नव्याने कार्यालयप्रमुख झाला आहात आणि कामकाज ऑनलाइन करताना सुरुवात कुठून करावी, असं विचारलंय. मी महसूल खात्यात आधी तलाठी, मग मंडळ अधिकारी होतो. हस्तलिखित सातबारा संगणकावर आला तो माझ्या डोळ्यांदेखत. त्यावरून सांगतो, चुका सापडल्या की त्यांचं काय करायचं हे आधी ठरवा.

जुने सातबारे संगणकात भरताना नावं चुकली, क्षेत्राचा मेळ बसेना, कुठे इतर हक्कातला (कर्जाचा वगैरे) बोजाच राहून गेला. भरणारा मुलगा काम संपवून निघून गेला आणि शेतकरी येऊन उभा राहिला तलाठ्यापुढे. तलाठ्याला धास्ती, की चूक कबूल केली तर नोटीस आपल्यालाच निघेल. मग तो फाइल दाबून ठेवायचा. मीही ठेवल्या आहेत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

२०१७ साली चावडी वाचन झालं. संगणकीकृत सातबारा गावासमोर वाचायचा आणि खातेदारांच्या हरकती लिहून घ्यायच्या. आमच्या गावात एक आजी उठून म्हणाल्या, "वारसांत माझं नाव कुठाय?" खरंच सुटलं होतं. आमच्या तहसीलदारांनी बैठकीत आधीच सांगितलं होतं, की या वाचनात निघालेल्या चुकीसाठी कुणाचाही खुलासा मागणार नाही. त्या एका वाक्यावर तलाठी मोकळे झाले. लेखनप्रमादाची, म्हणजे लिहिताना झालेल्या चुकीची, दुरुस्ती महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली होते. ते प्रस्ताव साहेब आठवडाभरात निकाली काढायचे. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. आमच्या सज्जात (तलाठ्याच्या कार्यक्षेत्रात) तो लोकांनी विनातक्रार घेतला, कारण चुका चावडीवरच निघाल्या होत्या.

दुहेरी कामही थांबवा. ऑनलाइन नोंद करायची, वर रजिस्टरही लिहायचं, यात कर्मचारी पिचतात आणि शेवटी भरवसा रजिस्टरवरच ठेवतात. कोणतं रजिस्टर कोणत्या तारखेपासून बंद, याचा लेखी आदेश तुमच्या सहीने काढा. तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही.

आणि रुजू झाल्यावर एक अख्खा दिवस सगळ्यात खालच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसा. आमच्याकडे असतात तर म्हटलं असतं, सज्जावर जा आणि एक फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातला बदल, नोंदीपासून नोटिशीपर्यंत स्वतः पाहा. नेट किती वेळा जातं, तोवर बाहेर किती माणसं उभी राहतात, ते मोजा.