डब्ल्यूसी पॉलिसीचं ऑडिट आहे, तयारी कुठून सुरू करू?

तुम्ही लिहिलंय की तुर्भ्याच्या एमआयडीसीत तुमचं पॅकिंगचं युनिट आहे, चौदा माणसं कामाला आहेत. डब्ल्यूसी पॉलिसीचं, म्हणजे कामावर दुखापत झालेल्या कामगाराच्या भरपाईसाठी मालक घेतो त्या विम्याचं, वर्ष संपलंय आणि विमा कंपनीने वर्षभरात प्रत्यक्ष दिलेल्या पगाराचा तपशील मागवलाय. त्यांचा माणूस येऊन रजिस्टरंही बघणार आहे. एजंट म्हणतोय, "काही नसतं हो, मागच्याच वर्षीचा आकडा टाका." आधी हेच सांगते, एजंटचं हे ऐकू नका.

मी रबाळ्यात एका शीट मेटल युनिटचं ऑफिस सांभाळते, सोळा वर्षं झाली. पॉलिसी घेताना आपण पगाराचा अंदाज देतो आणि प्रीमियम त्या अंदाजावर लागतो. वर्ष संपलं की खरा पगार कळवायचा. कमी सांगितला असेल तर फरक भरायचा, जास्त सांगितला असेल तर परतावा मागायचा, अर्थात पॉलिसीत किमान प्रीमियम ठरलेला असेल तर त्याच्या खाली जाता येत नाही. हा आकडा पॉलिसी संपल्यापासून किती दिवसांत द्यायचा ते अटींमध्ये छापलेलं असतं, बऱ्याच पॉलिसींत महिनाभराची मुदत असते. तुमची पॉलिसी आज काढून तेवढी ओळ वाचाच.

तयारी ठेकेदाराच्या माणसांपासून सुरू करा. का ते सांगते. 2022 मध्ये आमच्याकडे सहा माणसं आमची आणि दोन ठेकेदाराची होती. संख्या दहाच्या आत, म्हणून ईएसआय, म्हणजे सरकारी कर्मचारी राज्य विमा, लागू नव्हतं. पॉलिसीच्या अर्जात "कंत्राटी कामगार" असा एक रकाना असतो. तो मी भरला होता, "निरंक". त्या दोघांचे पैसे ठेकेदाराच्या बिलातून जायचे, त्यामुळे ती आपली माणसं नाहीत असंच माझ्या डोक्यात होतं. जुलैमध्ये त्यातल्या एका मुलाची पॉवर प्रेसखाली डाव्या हाताची तीन बोटं गेली. वय 25, पगार 15 हजार.

आपल्या धंद्याचं नेहमीचं काम ठेकेदाराच्या माणसाकडून करून घेतलं, तर भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर येते. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, असं कायदा म्हणतो. आमच्या ठेकेदाराने फोन उचलणंच बंद केलं. हिशेब असा झाला: पगाराचे 60 टक्के म्हणजे 9 हजार, गुणिले 25 वर्षांसाठीचा गुणक 216.91, आणि एका हाताच्या तीन बोटांसाठी परिशिष्टात 30 टक्के. रक्कम 5 लाख 85 हजार 657 रुपये, वर उशिराचं 12 टक्के व्याज. विमा कंपनीने मस्टर (हजेरीपट) मागितलं, अर्जातलं "निरंक" दाखवलं आणि हात वर केले. मालकांनी कर्ज काढून पैसे दिले, पण त्यात सात महिने गेले. त्या सात महिन्यांत तो मुलगा दोनदा ऑफिसात आला आणि हात खिशात ठेवूनच बसला. त्याची दोन्ही वेळची तारीख मला आजही पाठ आहे.

म्हणून टॅलीत "लेबर चार्जेस", "जॉब वर्क", "लोडिंग-अनलोडिंग", "किरकोळ मजुरी" ही सगळी लेजरं उघडा. ठेकेदारांचा टीडीएस कापला असेल तर ती यादीही सोबत घ्या, ऑडिटर ती मागतोच. प्रत्येक ठेकेदाराकडून त्याच्या माणसांची नावं, दिलेला पगार आणि त्याची स्वतःची पॉलिसी किंवा ईएसआयची चलनं मागवा. त्याचं कव्हर तुमच्या कामाच्या तारखांना चालू होतं का, हे तारखा लावून बघा. कागद मिळाले नाहीत तर त्याच्या बिलातला मजुरीचा भाग तुमच्या पगारात धरला जाण्याची तयारी ठेवा. बिलात माल आणि मजुरी एकत्र असेल तर ती आताच वेगळी लिहून घ्या, नाहीतर अख्खं बिल मजुरी म्हणून मोजलं जाईल.

दुसरी गोष्ट ईएसआयची. चौदा माणसं म्हणजे तुम्हाला ईएसआय लागू आहे. 21 हजारांपर्यंत पगार असलेल्यांची दुखापत तिथे जाते, त्यांना डब्ल्यूसीतून वेगळी भरपाई मागता येत नाही. त्यामुळे पॉलिसीत बहुतेक फक्त वरच्या पगाराची माणसं असतील. ऑडिटर मात्र नफा-तोटा पत्रकातला पगाराचा एकूण आकडा धरतो आणि उरलेले कुठे गेले ते विचारतो. ईएसआयवाल्यांची यादी विमा क्रमांकासह वेगळी तयार ठेवा.

इथे एक चूक हमखास होते. समजा तुमच्या सुपरवायझरचा पगार जुलैत 20,500 वरून 22,500 झाला. तो लगेच ईएसआयबाहेर जात नाही, 30 सप्टेंबरपर्यंत आतच राहतो आणि वर्गणी पूर्ण पगारावर भरावी लागते. 1 ऑक्टोबरपासून तो बाहेर पडतो, आणि त्याच दिवसापासून तुमच्या पॉलिसीत यायला हवा. बऱ्याच ठिकाणी तो दोन्हीकडून सुटतो. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हे तपासायची सवय लावा आणि नाव वाढलं की विमा कंपनीकडून एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत लेखी बदल, करून घ्या.

आता ताळमेळ. तुमची पॉलिसी समजा 14 ऑगस्ट ते 13 ऑगस्ट असेल, तर ताळेबंद मात्र एप्रिल ते मार्च. या दोन आकड्यांची थेट तुलना केली की फरक दिसतोच आणि मग प्रश्न सुरू होतात. एका पानावर महिनावार तक्ता करा: मस्टरमधली डोकी, पगारपत्रक, बँकेतून गेलेली रक्कम, पीएफचं चलन, व्यवसाय कर. पाचही आकडे जुळत नसतील तर फरकाचं कारण शेजारी पेनाने लिहा, उदाहरणार्थ "मार्चचा ओव्हरटाइम एप्रिलमध्ये दिला". हे एक पान असलं तर अर्ध्या तासात काम आटोपतं, हा माझा अनुभव आहे. रोखीची व्हाउचरंही काढा. "राजू हेल्पर, 600 रुपये" एवढंच लिहिलेली व्हाउचरं आमच्याकडे ढीगभर निघाली होती. त्यांवर पूर्ण नाव, दिवस आणि काम लिहून घ्या.

1923 च्या भरपाईच्या कायद्यात पगारात ओव्हरटाइम धरत, दिलेल्या खोलीची किंमतही धरत. प्रवासभत्ता आणि मालकाचा पीएफचा हिस्सा धरत नसत. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे, 21 नोव्हेंबर 2025 पासून. तिथे ओव्हरटाइम आणि खोलीची किंमतही वेतनाबाहेर आहेत, पण असे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात मोजतात. तुमच्या पगारपत्रकात मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त असतील तर सीएकडून तपासून घ्या.

दर कामाप्रमाणे वेगळे असतात. मशीनवरचा माणूस, गोदामातला, टेबलावर बसणारा यांचे पगार वेगळे मांडा. मोघम "कर्मचारी" लिहिलंत तर सगळ्यांना मशीनचा दर लागू शकतो.

ऑडिटच्या दिवशी उत्तरं एकानेच द्यावीत, माहीत नसेल ते "बघून सांगतो" म्हणावं. ऑडिटर शॉप फ्लोअरवर फेरी मारेल, मारू द्या, पण तिथे दिसणारी डोकी आणि त्या दिवसाचं मस्टर जुळलं पाहिजे. जाताना त्याने काढलेल्या आकड्यांची प्रत मागून घ्या आणि फरकाचा हिशेब लेखी मागवा.

तुमच्या चौदांपैकी ईएसआयबाहेर किती आणि ठेकेदाराची किती, ते खाली लिहा. महिनावार तक्ता कसा मांडायचा ते मी तुमच्या आकड्यांवर दाखवते.