‘स्टाफ’मध्ये घेतले आणि ओव्हरटाइम थांबला

प्रश्न : वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी ऑपरेटर होतो. जून २०२५ मध्ये मला सुपरवायझर करून ‘स्टाफ’मध्ये घेण्यात आले. एकूण पगार २३,००० रुपये झाला. त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १३,०००, घरभाडे ६,५०० आणि वाहनभत्ता ३,५०० आहे. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही, तर मला आजही दोन-तीन तास मशीनवर थांबावे लागते. मात्र स्टाफला ओटी मिळत नाही, असे एचआर सांगतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, वाळूज

उत्तर : नाही. ओव्हरटाइमचा हक्क हुद्द्याच्या नावावरून ठरत नाही. काम मुख्यतः देखरेखीचे आहे का, आणि असल्यास वेतन किती, हे पाहावे लागते. आपल्या बाबतीत दोन कालखंड वेगळे धरावे लागतील.

२१ नोव्हेंबर २०२५ पूर्वी कारखाने अधिनियम, १९४८ लागू होता. त्याच्या कलम ६४ नुसार देखरेखीची पदे कामाच्या तासांच्या बंधनातून वगळता येत. परंतु वेतन प्रदान अधिनियम या पगार देण्याविषयीच्या जुन्या कायद्यातील मर्यादेपर्यंत वेतन असणाऱ्यांचा जादा तासांना दुप्पट दराने वेतन मिळण्याचा हक्क तेव्हाही शाबूत राही. ही मर्यादा २०१२ मध्ये १८,००० आणि २०१७ मध्ये २४,००० रुपये झाली. त्यामुळे जून ते नोव्हेंबरच्या जादा तासांवर आपला हक्क स्पष्ट आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० अमलात आली. तिच्यात दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा सुपरवायझर ‘कामगार’ ठरत नाही, म्हणजे त्याला ओव्हरटाइमचा हक्क राहत नाही. महागाई वाढत असताना मर्यादा खाली यावी, हे आम्हाला पटत नाही; पण एचआर विभाग इथेच गफलत करतात, कारण हा आकडा हातात पडणाऱ्या एकूण पगाराचा नाही. संहितेनुसार घरभाडे व वाहनभत्ता वेतनात धरत नाहीत. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर तेवढा वरचा भाग वेतनात मिळवतात. आपले भत्ते १०,००० आहेत, म्हणजे ११,५०० च्या आतच. तेव्हा आपले वेतन १३,००० रुपये ठरते आणि सुपरवायझर असूनही आपण कामगारच राहता. २६ दिवस व आठ तास धरल्यास तासाचा दर ६२.५० रुपये येतो; जादा तासाला दुप्पट दराने १२५ रुपये मिळायला हवेत. शिवाय जादा कामासाठी कामगाराची संमती लागते, ही तरतूद आपल्या वरिष्ठांच्या कानावर घालण्याजोगी आहे.

प्रथम एचआरकडे लेखी मागणी करून पोच घ्यावी. पंचिंगच्या नोंदी, पगारपत्रके आणि थांबण्याविषयी आलेले मोबाइलवरील निरोप जपून ठेवावेत. दाद न मिळाल्यास छत्रपती संभाजीनगर येथील कामगार उपायुक्त कार्यालयात जावे. वेतन संहिता या पगाराविषयीच्या वेगळ्या नव्या कायद्याखाली दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. जुन्या वेतन प्रदान अधिनियमात मात्र ती बाराच महिन्यांची होती, म्हणून जून ते नोव्हेंबर २०२५ च्या थकबाकीचा अर्ज अजिबात लांबवू नये.