वाचक विचारतात: ‘श्वास’, डोळ्यातली पांढरी चमक आणि मुलाला खरं सांगणं

संदीप सावंत यांच्या ‘श्वास’बद्दल (२००४) बरीच पत्रं आली. कोकणातल्या परशुरामला डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग होतो. ऑपरेशन केलं नाही तर जीव जाणार, केलं तर दृष्टी. आजोबा त्याला डॉक्टरांना न सांगता वॉर्डातून बाहेर नेतात, शेवटचं काही दाखवायला. पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

आज परशुराम दवाखान्यात आला, तर त्याचे डोळे काढावे लागतील का? (नाशिक)

लागतीलच असं नाही. सगळं तो कोणत्या टप्प्यावर येतो यावर आहे. या आजाराला रेटिनोब्लास्टोमा म्हणतात आणि बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतच सापडतात, शाळकरी वयात तो क्वचित दिसतो. डॉक्टर डोळ्यातल्या गाठीचे ‘ए’ ते ‘ई’ असे गट पाडतात. ‘ए’ ते ‘सी’मध्ये डोळा वाचण्याची शक्यता चांगली. ‘डी’मध्ये प्रयत्न करतात. ‘ई’मध्ये बहुधा डोळा काढतात, कारण आत गाठ पसरलेली असते आणि दृष्टी तशीही राहिलेली नसते.

वाचवायचा असेल तर साधारण तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, बहुधा सहा वेळा, व्हिन्क्रिस्टिन, इटोपोसाइड आणि कार्बोप्लॅटिन ही तीन औषधं शिरेतून देतात. गाठी आकसल्या की लेझर किंवा गोठवणी करून उरलेल्या मारतात. मोठ्या केंद्रांत जांघेतून बारीक नळी थेट डोळ्याच्या धमनीपर्यंत नेऊन मेल्फालान हे औषध सोडण्याचीही सोय असते. एका जागी उरलेल्या गाठीसाठी किरणोत्सारी रुथेनियम-१०६ची चकती डोळ्याच्या बाहेरच्या भिंतीला काही काळ टाके घालून ठेवतात. अशा चकत्या भाभा अणुसंशोधन केंद्रही बनवतं. बाहेरून किरण देणं मात्र आता शक्यतो टाळतात, कारण आनुवंशिक प्रकारात त्यामुळे पुढे हाडाचा वगैरे दुसरा कर्करोग होण्याचा धोका वाढतो आणि चेहऱ्याची त्या बाजूची वाढही खुंटते.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. संशय आला म्हणून कुणी डोळ्यात सुई घालून तुकडा काढायला निघालं, तर थांबवा. सुईच्या वाटेने पेशी डोळ्याबाहेर येतात, आणि आजार डोळ्यात आहे तोवर बरं होण्याची शक्यता उत्तम असते, बाहेर आला की ती झपाट्याने घटते. दुसरी गोष्ट, डोळा काढताना दृष्टीच्या नसेचा लांब तुकडा, शक्य तर १० मिमीहून जास्त, सोबत घेतात आणि त्याच्या टोकाची तपासणी होते. तो अहवाल हातात येईपर्यंत ‘सगळं निघालं’ या शब्दावर विसंबू नका.

भाचीच्या वाढदिवसाच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसली. घाबरायचं का? (सातारा)

घाबरू नका, पण थांबूही नका. फ्लॅशच्या फोटोत बाहुली लाल किंवा नारिंगी दिसायला हवी. पांढरी दिसण्याचं एक निरुपद्रवी कारणही आहे. मूल लेन्सकडे न पाहता साधारण १५ अंश नाकाच्या बाजूला पाहत असेल, तर प्रकाश नेमका नस जिथे डोळ्यात शिरते त्या पांढऱ्या चकतीवरून परत येतो. म्हणून आधी पुन्हा फोटो काढा. खोलीत दिवे मंद, कॅमेरा दोनेक मीटरवर, फ्लॅश सुरू, डोळे लाल न दिसण्याची सोय बंद. मग मुलीला आधी सरळ लेन्सकडे आणि नंतर डावी-उजवीकडे बघायला सांगून पाच-सहा फोटो घ्या. सरळ बघतानाही एकच डोळा पांढरा किंवा पिवळसर दिसला, किंवा अलीकडे तिरळेपणा आला असेल, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा. फोटो ठीक आले म्हणूनही निश्चिंत होऊ नका, पहिला फोटो डॉक्टरांना दाखवाच.

बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहिल्याशिवाय ही तपासणी पूर्ण होत नाही, आणि लहान मुलांना त्यासाठी भूल द्यावी लागते. जन्मजात मोतीबिंदू, पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे आजार यांतही अशीच चमक येते. घरोघरी मात्र गडबड एकाच ठिकाणी होते. ‘तिरळं बघतोय, मोठा झाला की जाईल’ असं कुणी वडीलधारं म्हणतं आणि त्यात सहा महिने जातात.

‘श्वास’मधले डॉक्टर साने मुलाला आधी सांगण्याचा एवढा आग्रह का धरतात? सही तर पालकांचीच लागते ना? (सोलापूर)

सही पालकांचीच. सांगण्याचा आग्रह कायद्यासाठी नाही. ऑपरेशननंतर डोळ्यावर पट्टी, उलट्या, अंधार. आधी काही न कळलेलं मूल पुढच्या प्रत्येक सुईला झटापट करतं, आणि सगळ्यात आधी त्याचा विश्वास घरच्यांवरचा उडतो. पट्टी निघेल आणि दिसेल, अशी वाट बघत बसलेल्या मुलाला तेव्हा सांगणं आधी सांगण्यापेक्षा कैक पटीने अवघड.

सांगायचं कसं? चार ते सहा वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी, मोठ्याला साधारण आठवडाभर आधी. फार आधी सांगितलं तर लहान मूल रोज रात्री तेच मनात चघळत राहतं. सांगणारा माणूस त्याचा रोजचा हवा, आजोबा असतील तर उत्तमच, पण डॉक्टर किंवा समाजसेविका शेजारी हवी, कारण पहिल्या दोन वाक्यांनंतर येणारे प्रश्न वैद्यकीय असतात. वाक्यं छोटी ठेवा: ‘तुझ्या डोळ्यात एक वाईट गाठ आहे. ती तुला खूप आजारी पाडेल. म्हणून डॉक्टर तो डोळा काढून टाकणार आहेत. त्यानंतर त्या डोळ्याने दिसणार नाही.’ इथे थांबा. लगेच चॉकलेट, सायकल, कृत्रिम डोळा असले विषय काढू नका. त्याला विचारू द्या, रडू द्या.

मुलं बहुधा तीन गोष्टी मनात धरतात आणि विचारत नाहीत, त्या आपणहून सांगा. ही तुझी चूक नाही, मोबाइल बघितल्याने किंवा पडल्याने झालेलं नाही. हे दुसऱ्याला लागत नाही. आणि उठशील तेव्हा आम्ही इथेच असू. ‘तुला झोपवणार’ असं म्हणू नका, घरी पुढे रात्री झोपायलाच मूल घाबरतं. ‘डॉक्टर भूलीचं औषध देतील, दुखणार नाही आणि काम झालं की तेच उठवतील’ असं म्हणा. खेळण्यातल्या बाहुलीच्या डोळ्यावर खरी पट्टी चिकटवून ती त्याच्याकडून काढून-लावून घ्या. दोन्ही डोळे जाणार असतील तर पट्टीसह जेवणं, पाण्याचा पेला शोधणं, खाटेपासून दारापर्यंत पावलं मोजणं, हे आधीच थोडं करून बघणं उपयोगी. खेळ म्हणून, मूल तयार असेल तरच.

आजोबांसारखं ऑपरेशनआधी मुलाला फिरवून आणावं का? (चिपळूण)

आणावं, पण विचारून. वॉर्डातल्या सिस्टरला आणि डॉक्टरांना सांगून काही तासांची सुटी मागा. न सांगता गेलात तर मूल हरवलं म्हणून शोध सुरू होतो आणि ऑपरेशनची वेळ दुसऱ्या मुलाला जाते. आदल्या दिवशी जा, त्या दिवशी सकाळी नाही. भूलीच्या आधी जेवण आणि दूध सहा तास बंद, साधं पाणी दोन तास. पोटात अन्न राहिलं तर भुलीत ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून वाटेत खाल्लेला एक वडापावही ऑपरेशन पुढे ढकलायला पुरतो. गर्दीतून सर्दी-खोकला घेऊन आला तरी तेच. केमोथेरपी सुरू असेल तर पांढऱ्या पेशींचा आकडा बघूनच डॉक्टर परवानगी देतात.

काय दाखवायचं हे मुलालाच विचारा. मोठ्यांच्या यादीत समुद्र आणि देऊळ असतं. मुलाच्या यादीत जेसीबी असू शकतो.

मुलाला कृत्रिम डोळा बसवलाय. रोज काढून धुवायचा का? (ठाणे)

नको, रोज काढल्याने डोळ्याची खोबण चिडते आणि स्राव वाढतो. बसवणारे सांगतील त्या अंतराने, बहुधा काही आठवड्यांनी एकदा काढा. खोबणीत खोलवर गोल इम्प्लांट कायमचा असतो, बाहेरचा हा पातळ कवचासारखा तुकडा तेवढा निघतो. हात धुवा, बेसिनचं भोक बंद करा किंवा खाली जाड टॉवेल पसरा, कारण डोळा फरशीवर पडला तर चरे जातात. मुलाला वर बघायला सांगून खालची पापणी खाली ओढा आणि कडेखाली बोट घालून तो पुढे घ्या. कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुवा. स्पिरिट अजिबात नको, हा ॲक्रिलिकचा असतो आणि त्याला बारीक तडे जातात. बसवताना वरची पापणी उचलून आधी वरची कड आत सरकवा, मग खालची पापणी खाली ओढून सोडा. नजर विचित्र दिसली तर बहुधा उलटा बसलाय. वर्षाला पॉलिश, आणि मूल वाढेल तसं नवं माप. दुसऱ्या डोळ्यासाठी न फुटणारा पॉलिकार्बोनेटचा चष्मा कायम वापरा, नंबर नसला तरी. भावंडांचे डोळे तपासून घ्या. दोन्ही डोळ्यांना झालेला आजार जवळजवळ नेहमी आनुवंशिक असतो.

‘श्वास’ राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा पहिला मराठी चित्रपट का? (पुणे)

नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पहिलाच राष्ट्रीय पुरस्कार ‘श्यामची आई’ला (१९५३). त्यानंतर तो मराठीला थेट ‘श्वास’नेच मिळवून दिला. बालकलाकाराचा पुरस्कार अश्विन चितळेला. ऑस्करला भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही तो गेला, नामांकन मिळालं नाही.

उपचारांसाठी मुंबईला जायचं, राहायचं कुठे? (कणकवली)

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आधी समाजसेवा विभागात जा, निवाऱ्याच्या चिठ्ठ्या तिथून मिळतात. कर्करोगी मुलांच्या कुटुंबांना सेंट ज्यूड चाइल्डकेअर केंद्रांत मोफत जागा मिळते, पण रुग्णालयाच्या शिफारशीनेच. दादरची गाडगे महाराज धर्मशाळाही आहे. रेल्वेत कर्करोग रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो, तो पहिल्याच खेपेला मागून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि मुलाचं आधार कार्ड सोबत ठेवा. रेशनकार्डावर मुलाचं नाव चढलेलं नसेल तर तलाठ्या-तहसीलदाराच्या दाराशी जाण्याचं काम निघण्यापूर्वी उरका, मुंबईत बसून ते होत नाही.