लॅपटॉपची तार मिक्सरला लावण्यापूर्वी

सोलापूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परवाच्या लग्नात तू लॅपटॉपची तार साउंड मिक्सरवरच्या माइकच्या सॉकेटमध्ये घातलीस आणि आवाज फाटू लागल्यावर फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढत राहिलास, हे मी मागे उभा राहून पाहत होतो. भर मांडवात बोलणे बरे दिसले नसते, म्हणून लिहितो आहे.

माइकचा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. घरगुती यंत्रांची लाइन पातळी, म्हणजे प्लेअर-लॅपटॉपसारख्या यंत्रातून बाहेर पडणारा सिग्नल, सुमारे 0.32 व्होल्ट, तर व्यावसायिक यंत्रांची 1.23 व्होल्ट धरतात. एवढा सिग्नल माइकच्या प्रीॲम्पमध्ये (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या भागात) गेला की तो तिथेच फाटतो आणि फेडर त्याच्या पुढे असल्यामुळे तो ओढून फाटलेला आवाज फक्त लहान होतो. म्हणून तार लाइन इनमध्येच लाव. लावताना चॅनेल म्यूट आणि गेन (सिग्नल सुरुवातीलाच किती मोठा करायचा ते ठरवणारे बटण) पूर्ण खाली असू दे. मग मीटर पाहत गेन हळूहळू वाढव.

एक्सएलआरमधूनच, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या गोल सॉकेटमधूनच, जावे लागले, तर आधी फँटम पॉवर (मिक्सरकडून माइकच्याच तारेतून माइकला जाणारी वीज) पाहा. अनेक मिक्सरवर एकाच बटणाने सगळ्या माइक चॅनेलांवर 48 व्होल्ट येतात. अशी वीज लागणाऱ्या कंडेन्सर माइकसाठी ते चालू ठेवावे लागले, तर लॅपटॉपच्या आउटपुटला इजा होऊ शकते. अशा वेळी मध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (लाइनचा सिग्नल माइकच्या सॉकेटला चालेल असा करून देणारी डबी) हवाच.

आता माझी फजिती ऐक. बाळीवेशीकडे एका गणेशोत्सवात मी कॅसेट प्लेअरची स्टिरिओ पिन, दोन्ही टोकांना तीन भागांची पिन (टोक, मधली कडी आणि मागची नळी) असलेल्या तारेने, सरळ एका बॅलन्स्ड चॅनेलला लावली. गाणे सुरू झाले. ढोलकी अंधुक ऐकू येत होती, पण गायिका गायब! असे इनपुट पिनचे टोक आणि मधली कडी यांच्यातला फरक तेवढा पुढे पाठवते, आणि गायिकेचा आवाज डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच असल्यामुळे तो कटून जातो. लोकांना वाटले, मी मुद्दाम नुसते संगीत लावले आहे. तेव्हापासून मी डावा आणि उजवा वेगवेगळ्या चॅनेलला देतो. एकच चॅनेल मोकळा असेल, तर दोन्ही तारा नुसत्या पिळून जोडू नकोस, कारण मग दोन्ही आउटपुट एकमेकांवर जोर करतात; प्रत्येक तारेत एक किलोओहमचा रेझिस्टर घालून मगच त्या एकत्र कर.

चार्जर लावल्यावर 50 हर्ट्झची घरघर आली, तर चार्जर काढून पाहा, नाहीतर डीआयवरचे ग्राउंड लिफ्ट (आवाजाच्या तारेतली ग्राउंडची जोडणी तोडणारे बटण) वापर. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कुणी सांगितले तरी कापायची नाही. आपल्या मांडवांतली वायरिंग तू पाहिली आहेसच.

रविवारी निघण्यापूर्वी घरी ये आणि माझा डीआय बॉक्स घेऊन जा. तो पॅसिव्ह आहे, बॅटरी शोधत बसू नकोस.

तुझा,
काका